बर्फ सातवा

पत्र आलं तेव्हा मी दक्षिणेच्या खिडकीपाशी होते.
हिरे पारखायचे ते याच उजेडात,
थंड, सरळ, कुणाची बाजू न घेणाऱ्या.
गाबोरोनेत सूर्य उत्तरेकडून फिरतो,
म्हणून आमच्या इमारतीने त्याच्याकडे पाठ केली आहे.

तो खडा मीच बाजूला काढला होता, दोन वर्षांपूर्वी.
राईएवढा, मळकट,
पोटात धूर कोंडल्यासारखा.
चिठ्ठीवर लिहिलं : निरुपयोगी.
मग तो समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेत गेला
आणि मी विसरले.
दिवसाला हजार खडे डोळ्यांखालून जातात,
सगळे लक्षात ठेवायचे म्हटले तर
घरी पोरांची तोंडं ओळखू यायची नाहीत.

पत्रात म्हटलंय, आत बर्फ आहे.

आपण पेल्यात टाकतो तो पहिला.
हा सातवा.
पाण्याला दाबत गेलं, दाबतच गेलं,
की ते निरनिराळ्या घड्या घालून बसतं.
माणसांनी त्या घड्यांना नुसते आकडे दिले,
नावं द्यायचा धीर झाला नसावा.
सातव्याला थंडी लागत नाही.
तो या खोलीच्या उन्हाळ्यातही बर्फच.
पाण्याहून जड, तरंगणं विसरलेला.
आत दोन जाळ्या, एकमेकींतून ओवलेल्या,
पण एकीचा धागा दुसरीला कुठेच बांधलेला नाही.
म्हणजे एका खोलीत दोन बिऱ्हाडं,
मधे पडदासुद्धा नाही,
आणि भांड्याला भांडं लागत नाही.

शेकडो किलोमीटर खाली, तापलेल्या खडकात
पाण्याचा एक कण सापडला हिऱ्याच्या मुठीत.
मग ज्वालामुखीने दोघांना वर फेकलं.
बाहेरचा दाब सुटला.
मूठ सुटली नाही.

शनिवारी आईकडे गेले, लेत्लाकानेच्या पुढे, मोराकावर.
गुरं, काटेरी कुंपण, बोअरवेलचा डिझेल पंप,
तो पुन्हा बंद.
मेकॅनिक ओनालेथाता तेलकट हातांनी बसलेला.
त्याचे पैसे मी मोजून दिले.
आमच्या नोटेला पुला म्हणतात, म्हणजे पाऊस.
तीनशे पाऊस, आणि पंप खोकून गप्प.

आईला सांगितलं हिऱ्यातल्या बर्फाचं.
तिने विचारलं, किती आहे?
डोळ्यात गेला तर खुपणारही नाही, एवढा.
मग वितळवत का नाहीत?
तापवून नाही वितळत, आई.
त्याला ऊन नको, जागा हवी.
हिरा फुटला की लगेच पाणी.

ती शेळीच्या पिल्लाला बाटलीने दूध पाजत होती.
बराच वेळ काही बोलली नाही.
आईचं नाव मोसेत्सानागापे.
आमच्या भाषेत त्याचा अर्थ, पुन्हा मुलगीच.
ती पाचवी.
आजोबांनी पाळण्याकडे न बघता नाव सांगितलं
आणि ते एकाहत्तर वर्षं
ती हाकेला ओ देत आली आहे.
शिधापत्रिकेवर, दवाखान्याच्या कागदावर,
बापाच्या अंत्यविधीला सुद्धा तेच नाव पुकारलं गेलं
आणि ती उठून पुढे गेली.
याबद्दल मी तिला कधी विचारलेलं नाही.
आजही विचारलं नाही.

संध्याकाळी ओनालेथाताने हँडल मारलं,
पंप धडधडला, पाइपातून आधी हवा आली,
मग गंज,
मग लालसर पाणी.
गुरं एकमेकांना ढकलत आली.

रात्री अंथरुणावरून तिने अंधारात विचारलं,
तो मळका खडा,
त्याच्या चिठ्ठीवर तू काय लिहिलं होतंस?

निरुपयोगी, मी म्हटलं.

आणि ती हसायला लागली.
आधी नाकातून, मग पोटातून,
थांबेचना,
कुत्री भुंकायला लागली, पिल्लू दचकून उठलं,
शेजारच्या तळावर कुणीतरी कंदील लावला
काय झालं म्हणून.